आवाज नंतर भरू

बावीस वर्षांनी धाकटा गल्लीत परत आला तो दोन गाड्या, अकरा माणसं आणि एक छत्री घेऊन. छत्री पावसासाठी नव्हती आणि उन्हासाठीही नव्हती. ती पांढरी होती आणि तिच्या पोटात दिवा होता. गल्लीने आजवर बरंच पाहिलं होतं, पण भर दुपारी छत्रीत दिवा लावणारा माणूस पाहिला नव्हता, म्हणून बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. धाकट्याला वाटलं, त्या त्याला बघायला आल्यात. हा गैरसमज त्याचा लहानपणापासूनचा होता.

त्याला सिनेमा काढायचा होता, आणि तो त्याच्यावरच होता. गिरणीच्या गल्लीत वाढलेला एक मुलगा सगळं सोडून निघून जातो, मोठा होतो आणि एक दिवस परत येतो, अशी ती गोष्ट. नावात ‘धागा’ हा शब्द होता हे वेगळं सांगायला नको. आता जाण्यायेण्यात एवढं सांगण्यासारखं काय असतं, हे गल्लीला कळेना. गल्लीतली तीनशे माणसं रोज सकाळी भोंग्याला जात आणि संध्याकाळी परत येत, त्यांच्यावर कोणी कधी छत्री धरली नव्हती.

थोरलीला ही बातमी भावाकडून नाही, मुकादमाकडून कळली. थोरली म्हणजे धाकट्याची मोठी बहीण. वय चव्वेचाळीस, गिरणीत सहा माग सांभाळणारी, लग्न राहून गेलेली. हजेरीपत्रकावर तिला नाव होतं, पण बोलवायची वेळ आली की सगळे थोरलीच म्हणत.

“तुझ्या भावाने शेड तीन दिवस मागून घेतलीय,” मुकादम म्हणाला. “तुला ठाऊक असेलच.”

“हो तर,” थोरली म्हणाली. भावाची लाज झाकायची तिला इतकी सवय झाली होती की आपण खोटं बोललो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा दोन खोल्यांत मिळून नऊ माणसं उभी होती आणि आई पलंगाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. धाकट्याने दाढी राखली होती. साधीसुधी नाही, छातीपर्यंत आलेली, विचारवंत माणसाची. तो भिंतीकडे बघत हळहळत होता.

“ताई, इथे ओल होती ना गं? कोपऱ्यात, मोठी?”

“होती. दोन वर्षांपूर्वी बुजवून घेतली मी.”

“अरेरे,” तो म्हणाला, अगदी मनापासून, जसं काही घरातलं कोणी गेलं.

मग दुसऱ्या दिवशी दोन रंगारी आले आणि त्यांनी अर्धा दिवस खपून त्या भिंतीवर ओल रंगवली. खरी होती त्यापेक्षा चांगली झाली. थोरली कामावरून आली तेव्हा आई ओलं फडकं घेऊन ती पुसत होती आणि पुसली जात नाही म्हणून कपाळाला हात लावत होती. बावीस वर्षांत धाकट्याने त्या घरासाठी काही केलं असेल तर ते एवढंच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माग चालू असताना शेडमध्ये कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येत नाही. आडवा धागा पोटात घेऊन पळणारा लाकडी धोटा प्रत्येक मागावर या टोकाहून त्या टोकाला आपटत असतो, आणि असे दोनशे माग. म्हणून विणकर बायका आवाज न काढता बोलतात. ओठ, जीभ, जबडा मोठाले हलवून, एकेक अक्षर चावून. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सुनेची कागाळी सांगते, मधल्या वीसजणी ती वाचतात, आणि एकीचाही हात मागावरून हलत नाही. याला गल्लीत मुकी बोली म्हणतात. मागावरून उतरलं तरी ती सुटत नाही. बायका खिडकीतून खिडकीत तीच बोलतात, नळाच्या रांगेत तीच, आणि परका माणूस समोर बसला असला तर त्याच्या तोंडावर त्याच्याबद्दलही तीच. पुरुषही बोलतात, पोरंही बोलतात. आणि तीसेक वर्षं मागावर काढली की कान जातात, मग तेवढीच बोली उरते. आईचं तसं झालं होतं. आपला आवाज किती मोठा निघतो ते तिला कळेना, लोक दचकायला लागले, म्हणून तिने तो वापरणंच सोडून दिलं होतं. त्याला आता आठ वर्षं झाली होती.

या गल्लीत वाढून मुकी बोली न येणारा एकच माणूस निपजला, तो म्हणजे धाकटा. लहानपणी तो नुसते ओठ हलवायला लागला की आई त्याच्या तोंडावर टिचकी मारायची. “नीट आवाजात बोल,” म्हणायची. “तुला कुठे मागावर उभं राहायचंय.” थोरलीच्या तोंडावर तिने कधी टिचकी मारली नाही.

आता आई मुलासमोर बसून अखंड बोलत होती. “दाढी काढ आधी. ओठ दिसत नाहीत. काय बडबडतोयस ते कळत नाही मला. जेवलास का? ही भिंत कोणी घाण केली?” धाकटा तिचा हात हातात घेऊन बसला होता. “आई आता बोलतच नाही,” त्याने छत्रीवाल्याला सांगितलं. “सगळं डोळ्यांत साठलंय तिच्या.” छत्रीवाल्याने मान हलवली. त्याला बिचाऱ्याला पगार होता मान हलवायचा.

थोरलीने सिनेमाचे कागद मागून घेतले आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचले. ती पटपट वाचत असे. शाळेत असताना गुरुजी दोनदा घरी येऊन आईला सांगून गेले होते की हिला पुढे शिकवा, ही लांब जाईल. आईने दोन्ही वेळा चहा दिला. तिसऱ्या वेळी गुरुजी आले तेव्हा थोरली मागावर होती, सोळा वर्षांची, आणि तिच्या कमाईवर धाकट्याची वह्यापुस्तकं येत होती.

कागद वाचून झाल्यावर तिने ते सरळ केले आणि बाहेर आली.

“यात मी कुठे आहे?” तिने विचारलं.

धाकट्याने दाढीत बोटं घातली. “ताई, त्याचं काय असतं, कथेची एक गरज असते. दोन भावंडं दाखवली की बघणाऱ्याचं लक्ष फुटतं. मुलगा एकटाच हवा. आई आणि मुलगा. मग आईने काळजावर दगड ठेवून त्याला जा म्हणणं, त्याचं जाणं, तिचं एकटीचं मरणं, हे सगळं कसं एका रेषेत येतं.”

“म्हणजे मी झालेच नाही.”

“सिनेमात, ताई. सिनेमात.”

“आणि शेडच्या दाराशी येऊन तू तिचा निरोप घेतोस असं लिहिलंयस. तू कुठे आला होतास दाराशी? आम्ही दोघी पाळीवर होतो तेव्हा गेलास तू. पिशवी मी भरून ठेवली होती. चिठ्ठी तेवढी फळीवर होती.”

“सत्य आणि घटना यात फरक असतो,” धाकटा म्हणाला. असली वाक्यं त्याला तोंडपाठ होती. वर्तमानपत्रवाल्यांना तो तीच सांगत असे.

थोरलीला खरं म्हणजे राग यायला हवा होता, आणि आलाही, पण तो भावावर पुरता टिकेना. कारण हे लिहायला तो शिकला कुठे, हे तिला ठाऊक होतं. ती दर महिन्याला आईला दवाखान्यात नेत असे. डॉक्टर नवीन आला की विचारी, “मुलं किती?” आई ओठ हलवून सांगे, “एक मुलगा. सिनेमात असतो.” डॉक्टरला ते वाचता येत नसे, म्हणून थोरलीच आवाजात सांगे, “एक मुलगा आहे म्हणतायत. सिनेमात असतो.” एकदा एका डॉक्टरने विचारलंही, “आणि तुम्ही कोण?” थोरली म्हणाली, “सोबत आलेय.” धाकट्याने नवीन असं काहीच केलं नव्हतं. घरात चालत आलेली गोष्ट त्याने फक्त मोठ्या पडद्यावर नेली होती.

चित्रीकरणाचा पहिला दिवस शेडमध्ये होता. आईच्या कामाला एक नामवंत नटी आणली होती. तिला सुरकुत्या काढून दिल्या होत्या, डोक्याला फडकं बांधून दिलं होतं, फक्त मागापुढे उभं राहायला शिकवायचं राहिलं होतं. तिने हात लावला की धागा तुटे. तुटला की थोरली जाऊन गाठ मारी, की नटी पुन्हा तोडी. दुपारपर्यंत थोरलीने जेवढ्या गाठी मारल्या तेवढ्या एरवी आठवड्यात मारत नसे. मग एक धोटा उडाला आणि नटीच्या कानाजवळून भिंतीवर जाऊन आदळला. नटी शांतपणे बाहेर गेली, गाडीत बसली आणि म्हणाली, “घरी सोडा.” त्या दिवशी शेडमध्ये शहाणपणाने वागलेली परकी बाई ती एकच.

धाकटा डोकं धरून बसला. मग त्याने वर पाहिलं. समोर थोरली उभी होती, डोक्याला फडकं, भुवयांवर कापसाचे तंतू.

“ताई,” तो म्हणाला, “तू अगदी आईसारखी दिसतेस.”

“बावीस वर्षांपूर्वी ती माझ्याच वयाची होती,” थोरली म्हणाली. “आणि याच मागावर.”

अशी बहीण सिनेमात आली ती आई होऊन. तिने नाही म्हणायला हवं होतं असं गल्लीत काहींचं मत पडलं. पण शेड तीन दिवसच होती, भाऊ तोंडघशी पडला असता, आणि भावाला तोंडघशी पडू न देणं हे काम तिने कधी कोणाला विचारून घेतलेलं नव्हतंच.

प्रसंग असा होता: मुलगा दाराशी पिशवी घेऊन उभा, आई मागावर, मागांचा आवाज, आणि आई त्याच्याकडे बघून म्हणते, “जा, मागे वळून बघू नकोस.” ते ऐकू येणार नव्हतंच. वरून मुलाचा आवाज ते सांगणार होता, आणि खाली व्हायोलिन. थोरलीने ते वाक्य चार वेळा म्हटलं. चारही वेळा धाकट्याने माग थांबवायला लावले.

“चेहरा कोरा येतोय, ताई. वाक्य सोड ते. तुझ्या मनातलं काहीतरी म्हण, काहीही म्हण. शब्द कोण ऐकतंय? ओठ हलले म्हणजे झालं. आवाज नंतर भरू.”

शेडमध्ये पन्नास बायका आपापल्या मागावर होत्या. धाकट्याने त्यांना सांगितलं होतं की नेहमीसारखं काम करा, कॅमेऱ्याकडे बघू नका. माग सुरू झाले. थोरलीने मान वर केली. दारात भावाचं काम करणारा एक देखणा पोरगा पिशवी घेऊन उभा होता, स्वच्छ नखांचा. ती त्याच्याकडे बघत मुक्या बोलीत म्हणाली, एकेक अक्षर चावून:

“जा बाबा, जा. तू गेलास म्हणून माझं काही अडत नाही. मला एक मुलगी आहे. ती इथे शेजारच्या मागावर उभी आहे. हुशार तीच होती.”

धोट्यात भरायच्या सुताच्या कांड्या वाटत फिरणारी बाई, जिला सगळे कांडीवाली म्हणत, तिच्या हातातली टोपली खाली पडली. मागच्या रांगेत एकीने माग बंद केला. ती एकोणीस वर्षं कामावर होती आणि पाळी संपायच्या आत माग बंद करायची तिची ती पहिलीच वेळ. थोरली बोलून थांबली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिला स्वतःचाच राग आला, कारण रडायचं तिने ठरवलं नव्हतं.

“कट,” धाकटा ओरडला, ते अर्थात कोणाला ऐकू आलं नाही. त्याचेही डोळे भरले होते. माग थांबल्यावर तो धावत आला आणि बहिणीच्या गळ्यात पडला. “ताई, हेच,” तो म्हणाला. “हेच हवं होतं मला. आई अगदी अशीच बघत होती.” शेडमधल्या पन्नास बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि खाली बघून धागे जोडायला लागल्या.

पुढचे दिवस थोरलीने आई म्हणून कपडे धुतले, पोराचे केस विंचरले, खिडकीतून वाट पाहिली, आणि शेवटी गिरणीच्या दवाखान्यातल्या लोखंडी खाटेवर मेली. अर्धा दिवस मेलेली पडून होती. तेवढीच काय ती विश्रांती.

त्या संध्याकाळी आईने ओठ हलवून विचारलं, “आज काय केलं?”

“मेले,” थोरलीने ओठांनीच सांगितलं.

“कोण?”

“तू.”

आईने जरा विचार केला. “कशाने मेले मी?”

“छातीने.”

“जवळ कोण होतं?”

“कोणी नव्हतं. एकटीच.”

“मग पाणी कोणी दिलं?”

“कोणी नाही दिलं.”

थोरली थांबली. पुढचा प्रश्न एकच असू शकत होता: मग तू कुठे होतीस? तो आईने विचारावा म्हणून ती भांडं हातात धरून उभी राहिली. पण आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. मुक्या बोलीत तोंड फिरवलं की बोलणं संपतं, तिथे दार आपटावं लागत नाही.

सात महिने गेले. सिनेमा कुठे कुठे दाखवला गेला, लोक रडले, धाकट्याचे फोटो छापून आले. थोरली शेडमध्ये काय म्हणाली ते गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक झालं होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या आईला. तिच्यासमोर कोणी तो विषय ओठांवर आणत नसे. आणि मग धाकट्याने कळवलं की गिरणीच्या सभागृहात रविवारी सकाळी खास खेळ आहे, आईने पहिल्या रांगेत बसायचं आहे.

थोरलीचं जेवण तुटलं. आई वाचणार, हे नक्की. आईइतकी लांबून वाचणारी दुसरी बाई गल्लीत नव्हती. तिला राग आला तर? येऊ दे, रागाला उत्तर देता येतं. तिला वाईट वाटलं तर? तेही चालेल. पण तिने वाचलं, आणि काहीच झालं नाही असं करून तोंड फिरवलं तर? सगळ्या गल्लीदेखत? थोरलीला एवढंच हवं होतं की आईने एकदा, एकदाच, आपल्याला मुलगी आहे हे चारचौघांत म्हणावं. हे मागायला फार लहान होतं म्हणून मागता येत नव्हतं, आणि नाही मिळालं तर पुढची वर्षं त्याच घरात, त्याच बाईला औषधं देत काढायची होती.

“आजारी आहे म्हणून कळव,” कांडीवालीने सुचवलं.

“नाही,” थोरली म्हणाली. “बघू दे.”

रविवारी सभागृह भरलं. पुढे खुर्च्यांवर पाहुणे, वर्तमानपत्रवाले आणि गिरणीचे दोन साहेब, ज्यांना विणकाम आणि मुकी बोली यातलं काहीच येत नव्हतं. मागे बाकांवर गल्ली. धाकट्याने समारंभासाठी दाढी साफ काढून टाकली होती आणि त्याची हनुवटी बघून गल्लीला पटलं की दाढी होती तीच बरी होती. आई त्याच्या शेजारी बसली. थोरली दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली. तिला आईचं डोकं तेवढं दिसत होतं, मागून.

सिनेमा सुरू झाला. भिंतीवरची ओल आली, तेव्हा मागे कोणीतरी खुदकन हसलं. मग शेड आली. माग, आवाज, व्हायोलिन, आणि पडदाभर थोरलीचा चेहरा. “आई म्हणाली,” मुलाचा आवाज गंभीरपणे म्हणाला, “जा, मागे वळून बघू नकोस.” आणि पडद्यावरची थोरली तिला जे म्हणायचं होतं ते म्हणत राहिली. पुढच्या खुर्च्यांवर रुमाल निघाले. मागच्या बाकांवर एक पाठ हलली नाही. तीनशे माणसं ते वाचत होती आणि वाचून झाल्यावर तीनशे डोकी हळूच एकाच दिशेला वळली, पहिल्या रांगेकडे.

आईचं डोकं होतं तसंच राहिलं. थोरली बघत राहिली. आई मागे वळली नाही. पडद्यावर कपडे धुऊन झाले, वाट पाहून झाली, खाटेवर मरून झालं, आणि आईचं डोकं कुठे म्हणून हललं नाही. थोरलीला वाटलं, झालं, मिळालं उत्तर. तिने दाराच्या कडीला हात घातला.

तेवढ्यात दिवे लागले, टाळ्या झाल्या, आणि धाकट्याने आईला हाताला धरून मंचावर चढवलं. कोणीतरी फुलं दिली. धाकट्याने माईक तिच्या तोंडापुढे धरला. “आईने दोन शब्द बोलावेत,” तो म्हणाला, आणि बोलू शकणार नाही याची त्याला इतकी खात्री होती की त्याने पाहुण्यांकडे बघून आधीच ओलं हसून घेतलं.

आईने फुलं त्याच्या हातात दिली. मग तिने सभागृहाच्या शेवटपर्यंत नजर टाकली, ती दाराशी थांबवली, आणि मुक्या बोलीत बोलायला लागली. माईकमधून काही येईना. तोंड मात्र शेडमध्ये चालायचं तसं चाललं होतं, मोठं, सावकाश.

“हा माझा धाकटा. याला मी सगळं शिकवलं, बोलायचं तेवढं राहिलं. याच्या सिनेमात मला कोणी पाणी दिलं नाही. मला रोज पाणी मिळतं. ती दाराशी उभी आहे ती देते. ती माझी मुलगी. मास्तर तीनदा आले होते, हिला पाठवा म्हणून. पाठवायला तीच हवी होती. मला कळत होतं, तरी मी हात आखडला, कारण ती गेली असती तर माझं कोणी बघितलं नसतं, आणि हा राहिला असता तरी कोणी बघितलं नसतं. दवाखान्यात मी एकच मुलगा सांगते आणि तिलाच ते मोठ्याने सांगायला लावते. माझ्या वाटचं तिला पडद्यावर बोलावं लागलं. मला लाज वाटली.”

थोरलीचा हात कडीवरच राहिला. ती रडली, आणि या वेळी तिने स्वतःचा राग केला नाही.

पुढच्या खुर्च्यांवर टाळ्या सुरू झाल्या. शब्द सुचू नयेत इतकी भारावलेली म्हातारी त्यांना फार आवडली होती. धाकट्याने माईक आपल्याकडे घेतला. एरवी त्याने ताईला विचारलं असतं, पण ताई लांब होती, आणि आईचं मन मुलाला कळायला मध्ये कोण कशाला हवं. एक हात आईच्या खांद्यावर ठेवून तो तिच्याकडे वळला आणि म्हणाला, “आई म्हणते, आज माझा मुलगा घरी आला. आता मी डोळे मिटायला मोकळी.”

आई त्याच्या तोंडाकडे बघत होती. दाढी नव्हती. बावीस वर्षांनी तिला मुलाचे ओठ पहिल्यांदा धड दिसत होते, आणि तिने ते शब्दन्‌शब्द वाचलं.

तिने त्याच्या हातातून माईक काढून घेतला.

“खोटं,” ती म्हणाली.

आठ वर्षं न वापरलेला तो आवाज खरखरीत होता आणि नको तेवढा मोठा. सभागृहाच्या चारी कोपऱ्यांतून तो परत आला. साहेब खुर्चीत दचकले.

“मी असं म्हणाले नाही,” आई म्हणाली. “काय म्हणाले ते बहिणीला विचार तुझ्या.”

पहिल्या रांगेतल्या एका वर्तमानपत्रवालीने वही उघडली. “बहीण?” ती म्हणाली. “तुम्ही तर एकुलते एक ना?”

सत्य आणि घटना यातलं काहीच धाकट्याला सापडेना. सगळी डोकी दाराकडे वळली होती, पुढची आणि मागची, आणि थोरली बाकांच्या मधून चालत मंचाकडे येत होती. तिने आईला हात देऊन पायऱ्या उतरवल्या.

“ताई,” धाकटा वरून म्हणाला, आता माईकशिवाय, पूर्वी वहीपेन्सिल मागायचा त्या आवाजात, “काय म्हणाली गं ती?”

थोरलीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“माझ्याशी बोलत होती ती,” ती म्हणाली. “तुझ्याशी नाही.”